कोंबड्या, ट्रक आणि विद्यापीठ: ओझार्कच्या डोंगरात एक महानगर कसं वाढलं

राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या वसाहतीत माझं लहानपण गेलं. दर उन्हाळ्यात तिथे एक देखावा ठरलेला असायचा. शेवटच्या वर्षाची मुलं होस्टेल रिकामं करायची. पत्र्याच्या ट्रंका, सुतळीनं बांधलेल्या गाद्या, वातीचा स्टोव्ह, पुस्तकांची पोती, सगळं एसटीच्या टपावर चढायचं. फाटकाशेजारचे चहावाले काका उधारीची वही घेऊन उभे असायचे. जाणारा मुलगा हिशोब चुकता करायचा आणि वाकून नमस्कार करायचा. त्यातला गावात राहणारा जवळजवळ कोणी नसायचा. कोणी मुंबईला बँकेत, कोणी पुण्याला बियाण्यांच्या कंपनीत, कोणी स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला. पाऊस सुरू झाला की नवी बॅच यायची आणि काका वहीचं नवं पान काढायचे.

कॉलेजचं गाव ही गळकी घागर असते. दरवर्षी वरून भरते आणि खालून तेवढीच रिकामी होते. पोरं येतात, शिकतात, आणि नेमकं कमवायचं वय झालं की निघून जातात. ही गळती कधी थांबते का, आणि थांबली तर त्या गावाचं काय होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे. त्याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उत्तर अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे. गावाचं नाव फेएटविल. माझा भाचा तिथे शिकला आणि शिकून झाल्यावर तिथून हलला नाही. त्याच्याशी फोनवर बोलता बोलता हा विषय माझ्या घरचाच झाला.

राहुरी आणि फेएटविल यांचं लांबचं नातंही आहे. १८६२ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अमेरिकेच्या काँग्रेसनं मॉरिल कायदा केला. प्रत्येक राज्याला त्याच्या दर सिनेटर आणि प्रतिनिधीमागे ३० हजार एकर सरकारी जमीन द्यायची आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज उभं करायचं, अशी योजना होती. ही ‘सरकारी’ जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे इथे सांगायलाच हवं. या कॉलेजांना ‘लँड ग्रँट’ कॉलेजं म्हणतात. शिकवायचं, संशोधन करायचं आणि ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यायचं, ही तिन्ही कामं एकाच संस्थेनं करायची त्यांची पद्धत स्वतंत्र भारतानं उचलली. १९६० मध्ये पंतनगरला आपलं पहिलं कृषी विद्यापीठ झालं, १९६८ मध्ये राहुरीला, पुढे अकोला, परभणी, दापोली. म्हणजे एकाच घराण्यातली ही दोन गावं. एकाचं पुढे महानगर झालं.

आर्कन्सॉनं १८७१ मध्ये विद्यापीठ काढायचं ठरवलं तेव्हा जागा ठरवण्यासाठी बोली मागवल्या. वॉशिंग्टन काउंटी (काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा) आणि तिथलं फेएटविल गाव यांनी मिळून १ लाख ३० हजार डॉलरचे रोखे देऊ केले आणि बोली जिंकली. ओझार्कच्या डोंगरातलं हे गाव नुकतंच युद्धात होरपळलं होतं. राजधानी लिटल रॉक तिथून तीनशे किलोमीटर. रेल्वे नव्हती, ती यायला १८८१ उजाडलं. ज्या गावात आगगाडी पोचलेली नाही त्या गावानं कर्ज काढून विद्यापीठ आणलं, या एका गोष्टीसाठी मला त्या लोकांबद्दल आदर वाटतो. जानेवारी १८७२ मध्ये वर्ग सुरू झाले.

आणि मग जवळजवळ शंभर वर्षं काही विशेष घडलं नाही. १९५० मध्ये फेएटविलची लोकसंख्या होती १७ हजार. विद्यापीठ होतं, चांगले प्राध्यापक होते, विल्यम फुलब्राइट तिथे अध्यक्ष होऊन गेले होते. आपल्याकडच्या कितीतरी अभ्यासकांना अमेरिकेला नेणारी फुलब्राइट शिष्यवृत्ती ती याच माणसाच्या नावाची. तरी घागर गळतच होती. पदवी घेतलेली मुलं डल्लसला, कॅन्सस सिटीला, सेंट लुइसला जात होती.

आधी ‘मेट्रो’ म्हणजे काय ते

आपल्याकडे मेट्रो म्हटलं की रेल्वे डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत ‘मेट्रो एरिया’ हा जनगणनेतला शब्द आहे. किमान ५० हजार वस्तीचा एक शहरी गाभा घ्यायचा. तो ज्या काउंटीत आहे ती धरायची. मग शेजारच्या काउंट्यांकडे बघायचं की तिथले किती लोक रोज सकाळी या गाभ्याकडे कामाला येतात, किंवा इथून तिकडे जातात. हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर असेल तर ती काउंटीही मेट्रोत. महानगरपालिका कुठे संपते याला इथे महत्त्व नाही. माणूस झोपतो कुठे आणि कमावतो कुठे यावर सीमा ठरते. पिंपरी-चिंचवड, हिंजवडी, चाकण आणि पुणे यांची कार्यालयं वेगवेगळी असली तरी सकाळी नऊच्या गर्दीत ती एकच असतात, तसं.

फेएटविलच्या उत्तरेला, एका सरळ रेषेत म्हणावं अशी, आणखी गावं आहेत: स्प्रिंगडेल, लोवेल, रॉजर्स आणि बेंटनविल. फेएटविलपासून बेंटनविल सुमारे ४० किलोमीटर. १९५० मध्ये बेंटनविलला तीन हजार माणसंसुद्धा नव्हती. आज ही सगळी मिळून एक मेट्रो आहे. वॉशिंग्टन आणि बेंटन या तिच्या दोन मुख्य काउंट्यांत १९९० मध्ये २ लाख ११ हजार लोक होते, २०२० च्या जनगणनेत ५ लाख ३० हजार. तीस वर्षांत अडीचपट. अमेरिकेसारख्या देशात, समुद्र नाही, मोठी नदीवाहतूक नाही, सोनं-तेल नाही, अशा डोंगराळ भागात हे घडलं.

बाहेरचा पैसा

कुठलंही गाव वाढण्याचं गणित समजायला एक गोष्ट पक्की करावी लागते. गावात दोन तऱ्हेची कामं असतात. न्हावी, किराणा, खानावळ, शिकवणी, दवाखाना ही कामं गावातल्याच लोकांसाठी असतात. त्यात पैसा गावातल्या गावात फिरतो. दुसरी कामं अशी, की माल किंवा सेवा बाहेर जाते आणि पैसा गावात येतो. साखर कारखाना, मोटारीचे सुटे भाग, सॉफ्टवेअर, देवस्थान. पहिल्या तऱ्हेची कामं किती वाढणार हे दुसऱ्या तऱ्हेवर ठरतं. कारखान्याचा पगार झाला की सलूनमध्ये गर्दी होते, उलटं होत नाही.

विद्यापीठ दुसऱ्या तऱ्हेत मोडतं. सरकारी अनुदान, बाहेरगावच्या मुलांची फी, त्यांच्या आईबापांनी पाठवलेले पैसे, हे सगळं गावाबाहेरून येतं. शिवाय ते दुष्काळात आटत नाही आणि मंदीत बंद पडत नाही. म्हणून कॉलेजची गावं सहसा मरत नाहीत. पण अनुदान जेवढ्यास तेवढं असतं. विद्यापीठ गावाला बुडू देत नाही आणि त्याच्या जोरावर गाव फार वरही जात नाही. वर जायला दुसरा झरा लागतो.

ओझार्कमध्ये हा झरा निघाला कोंबड्यांच्या खुराड्यातून.

हा भाग आधी सफरचंदांचा मुलूख होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन आणि बेंटन काउंट्यांमधून मालगाड्या भरून सफरचंदं जायची. मग किडी आल्या, रोग आले, १९३० च्या दशकात दुष्काळ आणि महामंदी एकदम आली. बागा तोडून शेतकऱ्यांनी कोंबड्या पाळायला घेतल्या. जमीन खडकाळ, पण कोंबडीला जमीन लागतेच किती? एक शेड आणि खाद्य. याच काळात, १९३१ मध्ये, जॉन टायसन नावाचा माणूस आपला ट्रक घेऊन स्प्रिंगडेलला आला. तो इथल्या कोंबड्या जवळच्या शहरांत नेऊन विकायचा. लांबच्या प्रवासात पक्षी मरायचे, म्हणून त्यानं ट्रकमध्येच पिंजऱ्यांना खाद्याची आणि पाण्याची भांडी बसवली. १९३६ च्या वसंतात त्यानं ५०० कोंबड्या थेट शिकागोला पोचवल्या आणि २३५ डॉलर नफा कमावला. मंदीच्या काळात ही रक्कम मोठी होती. शिकागोतला भाव हजार किलोमीटरवरच्या ओझार्कमधल्या शेतकऱ्याला मिळू शकतो, हे त्या फेरीत सिद्ध झालं. पुढे त्यानं पिल्लं उबवायला सुरुवात केली, खाद्य बनवायला सुरुवात केली, आणि टायसन फूड्स ही जगातल्या सर्वात मोठ्या मांस कंपन्यांपैकी एक झाली. मुख्यालय आजही स्प्रिंगडेल.

इथे विद्यापीठ कामाला आलं. कोंबड्यांचे रोग, खाद्यातलं प्रमाण, शेडमधली हवा, पैदास, या सगळ्यावर फेएटविलला संशोधन चालू होतं आणि ते शिकलेली मुलं पंधरा किलोमीटरवर नोकरीला लागू लागली. घागरीचं एक भोक बुजलं. आपल्या ताटाशीही याचा धागा जुळतो. महाराष्ट्रातले पोल्ट्रीवाले ज्या ‘वेनकॉब’ पिल्लांची बुकिंग करतात, त्यातला ‘कॉब’ म्हणजे कॉब ही पैदाशीची अमेरिकन कंपनी. तिचं मुख्यालय आज याच बेंटन काउंटीतल्या सायलोम स्प्रिंग्ज गावात आहे.

आता कोंबड्यांच्या शेडमध्ये खाली अंथरायला तूस लागतं. आर्कन्सॉच्या पूर्व भागात भात पिकतो, तिथे गिरण्यांबाहेर तुसाचे ढीग पडून असायचे, बहुतेक जाळून टाकायचे. जॉनी हंट नावाच्या ट्रक ड्रायव्हरला ते रोज दिसायचे. १९६१ मध्ये त्यानं ते तूस दाबून, गठ्ठे बांधून पोल्ट्रीवाल्यांना विकायचा धंदा काढला. १९६९ मध्ये पाच ट्रक आणि सात ट्रेलर घेऊन वाहतूक सुरू केली. तीच आजची जे. बी. हंट, अमेरिकेतल्या मोठ्या वाहतूक कंपन्यांपैकी एक, मुख्यालय लोवेल. एका धंद्याच्या गरजेतून दुसरा धंदा कसा जन्मतो हे मला याहून चांगलं कुठे दिसलेलं नाही. कोणत्याही सरकारी योजनेत ‘तुसापासून वाहतूक उद्योग’ असं कोणी लिहिलं नसतं.

तिसरा झरा सगळ्यांना ठाऊक आहे, वॉलमार्ट ही दुकानांची साखळी. सॅम वॉल्टन यांचं आर्कन्सॉच्या पूर्वेकडच्या न्यूपोर्ट गावात चांगलं चाललेलं दुकान होतं. १९५० मध्ये जागामालकानं भाडेकरार वाढवून द्यायला नकार दिला आणि ते बेंटनविलला आले. बायकोची, हेलन यांची, अट होती की दहा हजारांपेक्षा मोठ्या गावात राहणार नाही. चौकातल्या त्या छोट्या दुकानातून सुरुवात झाली आणि २ जुलै १९६२ ला शेजारच्या रॉजर्समध्ये पहिलं वॉलमार्ट उघडलं. मोठ्या दुकानदार कंपन्या ज्या छोट्या गावांकडे ढुंकून बघत नव्हत्या तिथेच वॉल्टन यांनी दुकानं काढली. एक गोदाम उभं करायचं आणि त्याच्यापासून एका दिवसाच्या ट्रकच्या पल्ल्यात दुकानं पेरत जायची. आडगावातून सुरुवात झाली म्हणूनच त्यांना गोदाम, ट्रक आणि निरोपाची व्यवस्था स्वतः उभी करावी लागली. १९८७ पर्यंत त्यांचं स्वतःचं उपग्रह जाळं होतं.

पुरवठादार गावात राहायला आले

इथपर्यंत ही तीन मोठ्या कंपन्यांची गोष्ट आहे. कंपन्या मोठ्या झाल्या म्हणून गाव महानगर होतंच असं नाही. गोदाम, कारखाना, मुख्यालय एवढ्यावर काही हजार नोकऱ्या निर्माण होतात आणि गाडी तिथे थांबते. बेंटनविलची गाडी पुढे गेली ती एका बदलामुळे, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली ती कळीची पायरी आहे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी वॉलमार्ट आणि साबण, डायपर बनवणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल यांचे संबंध ताणलेले होते. भावावरून घासाघीस, मागणीचे कागद, फोनाफोनी. १९८७ मध्ये सॅम वॉल्टन आणि त्या कंपनीतला एक वरिष्ठ अधिकारी नदीवर कॅनोच्या, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीच्या, सहलीला एकत्र गेले आणि तिथे बोलणं झालं. ठरलं असं, की दुकानात डायपर किती खपले याचा आकडा वॉलमार्टनं थेट द्यायचा आणि कंपनीनं ऑर्डरची वाट न बघता माल पाठवत राहायचं. हे काम कंपनीच्या मुख्यालयातून, सिनसिनाटीहून, फोनवर होण्यासारखं नव्हतं. विक्री, हिशोब, वाहतूक, संगणक अशा सगळ्या खात्यांची माणसं रोज समोरासमोर बसायला हवी होती. प्रॉक्टर अँड गॅम्बलनं आपली एक अख्खी तुकडी फेएटविलला आणून बसवली.

त्यांनी केलं म्हटल्यावर बाकीच्यांना करावंच लागलं. बिस्किटं, खेळणी, टीव्ही, औषधं, खतं, ज्याला ज्याला वॉलमार्टच्या फळीवर जागा हवी होती त्यानं इथे ऑफिस थाटलं. शेकडो पुरवठादार कंपन्यांच्या तुकड्या आल्या. तिकडचे लोक या भागाला ‘व्हेंडरविल’ म्हणतात, म्हणजे पुरवठादारांचं गाव.

आता माणसाच्या बाजूनं बघू. समजा एका मुलीनं फेएटविलला संख्याशास्त्रात पदवी घेतली आणि तिचा नवरा हिशोबनीस आहे. गावात एकच मोठी कंपनी असेल तर एकाला नोकरी लागेल, दुसऱ्याला घरी बसावं लागेल, म्हणून ते दोघं डल्लसला जातील. शिवाय एका कंपनीच्या गावात नोकरी गेली की घर विकून गाव सोडावं लागतं, ही भीती वेगळी. पण जिथे कोंबडीची कंपनी आहे, ट्रकची आहे, दुकानांची आहे, शेकडो पुरवठादार आहेत आणि विद्यापीठही आहे, तिथे दोघांचीही सोय होते. एक नोकरी सुटली तर त्याच रस्त्यावर दुसरी मिळते. कंपन्यांच्या बाजूनंही तेच. माणूस हवा असेल तर शेजारच्या ऑफिसातून मिळतो. अर्थशास्त्रात याला मोठं नाव आहे, पण आपल्या बाजारपेठांना हे पूर्वीपासून कळतं. लक्ष्मी रोडवर एका साडीच्या दुकानाशेजारी दुसरं निघतं ते उगीच नाही.

माझ्या भाच्याचंच घ्या. तो मास्टर्स करायला गेला तेव्हा दोन वर्षांत कॅलिफोर्नियाला जायचं असं त्याचं पक्कं ठरलेलं होतं. पहिली नोकरी बेंटनविलला लागली, लग्न झालं, बायको सप्लाय चेनमधली. मी विचारलं, “अरे, आता तरी निघणार ना तिथून?” तर म्हणाला, “मामा, हिलाही इथेच लागली. दोघांना एका गावात नोकरी, शाळा चांगली, ऑफिस पंधरा मिनिटांवर. कशाला निघायचं?” कुठल्याही अहवालापेक्षा मला त्या एका वाक्यात जास्त कळलं.

विद्यापीठानंही त्या वाढीबरोबर पावलं टाकली. वॉल्टन कुटुंबाच्या संस्थेनं १९९८ मध्ये वाणिज्य शाखेला ५ कोटी डॉलर दिले, आणि २००२ मध्ये विद्यापीठाला ३० कोटी. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठाला तोवर मिळालेली ती सर्वात मोठी देणगी होती. आज तिथे ३० हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत.

भांडणारी गावं एका टेबलाशी

या भागातली गावं एकमेकांशी शाळेच्या फुटबॉलपासून सगळ्यात चढाओढ करणारी. आणि महानगराच्या गरजा अशा असतात की त्या एकट्या गावाला परवडत नाहीत: पाणी, रस्ता, विमानतळ.

पाण्याचं आधी झालं. व्हाइट नदीवरचं बीव्हर धरण १९६६ मध्ये पुरं झालं आणि त्याच जलाशयाचं पाणी चारही मोठ्या गावांना मिळू लागलं. कोंबड्या स्वच्छ करायला पाणी भरमसाट लागतं. हे धरण नसतं तर स्प्रिंगडेल तिथेच थांबलं असतं.

रस्ता मात्र वाईट होता. दक्षिणेकडे जायचा महामार्ग क्रमांक ७१ घाटवळणांचा, अपघातांसाठी कुप्रसिद्ध. फेएटविलचा जुना विमानतळ डोंगरांच्या बेचक्यात. शिकागो-न्यूयॉर्कच्या पुरवठादारांनी रोज यायचं कसं? १९९० मध्ये वॉल्टन, टायसन आणि हंट या तिन्ही घरांतल्या मंडळींनी पुढाकार घेऊन ‘नॉर्थवेस्ट आर्कन्सॉ कौन्सिल’ स्थापन केली. गावोगावच्या लोकांना त्यात एकत्र बसवलं आणि सांगितलं, सरकारकडे पाच गावांनी पाच मागण्या नेल्या तर एकही मिळणार नाही, सगळ्यांनी मिळून एकच मागू. पाच गावं आणि दोन काउंट्या यांनी मिळून विमानतळाचं एक प्राधिकरण केलं आणि शेतजमिनीत नवा विमानतळ बांधला. सॅम यांची मुलगी अ‍ॅलिस वॉल्टन यांनी त्यासाठी इतकी खटपट केली की टर्मिनलला त्यांचं नाव आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन उद्घाटनाला आले. हेच क्लिंटन १९७० च्या दशकात फेएटविलच्या विद्यापीठात कायदा शिकवायचे. दोन महिन्यांनी, जानेवारी १९९९ मध्ये, डोंगर फोडून, बोगदा काढून नवा महामार्ग खुला झाला.

इथे जरा थांबावंसं वाटतं. विमानतळ कोणत्या गावाच्या हद्दीत हा वाद तिथेही होता. पण तो कोणाच्याच मुख्य गावात न बांधता सगळ्यांना सोयीचा असा मधल्या माळावर बांधला, हे शहाणपण त्यांना सुचलं. आपल्याकडे एका तालुक्याचं उपकेंद्र दुसऱ्यात गेलं तर बंद पाळला जातो.

कामाला कोण आलं

एवढी कामं करायला माणसं कुठून आली? हा मुलूख अनेक पिढ्या जवळजवळ पूर्ण गोरा होता, आणि तो तसा आपोआप नव्हता. इथल्या काही गावांत काळ्या माणसाला सूर्यास्तानंतर थांबू दिलं जात नसे. विद्यापीठानं १९४८ मध्ये सायलस हंट या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला कायद्याच्या वर्गात घेतलं, पण गावांचा रंग बदलला तो कोंबड्यांच्या कारखान्यांमुळे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून कामगार आले. स्प्रिंगडेलमध्ये आज एक तृतीयांशाहून जास्त लोक स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतले आहेत. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवरून लोक आले. अमेरिकेनं तिथे अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या होत्या, आणि पुढच्या एका करारानुसार तिथल्या माणसांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहता आणि काम करता येतं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची मार्शलवासीयांची सर्वात मोठी वस्ती आज स्प्रिंगडेलला आहे, आणि त्यांच्या देशाचा वाणिज्य दूतावासही. समुद्रापासून इतक्या लांब!

वॉलमार्टच्या संगणक विभागामुळे भारतीय आले. बेंटनविलच्या शाळांत तेलुगू, तमिळ, मराठी आडनावांची मुलं भरपूर आहेत आणि गणपतीत मोदकांचं पीठ भारतीय दुकानात सहज मिळतं, असं भाचेसून सांगते. हे सगळे महानगर बनवणारे लोक. पण कारखान्याच्या पट्ट्यावर थंडीत उभं राहून दिवसाला हजारो कोंबड्या कापणारे हात आणि वातानुकूलित ऑफिसात आकडे बघणारे हात, यांच्या पगारातली दरी त्या भरभराटीतच दडलेली आहे. ती बघितल्याशिवाय या गोष्टीला ‘यश’ म्हणणं मला पटत नाही.

राहावंसं वाटणारं गाव

नोकऱ्या आहेत, रस्ता आहे, विमानतळ आहे. तरी १९९० च्या दशकात पुरवठादार कंपन्यांची माणसं नाक मुरडत यायची आणि दोन वर्षांत बदली मागायची. तेव्हा लक्ष गेलं राहणीमानाकडे. अ‍ॅलिस वॉल्टन यांनी ११ नोव्हेंबर २०११ ला बेंटनविलच्या रानात, झऱ्यावर, क्रिस्टल ब्रिजेस हे अमेरिकन चित्रांचं संग्रहालय उघडलं. वास्तुरचना मोशे साफ्दी यांची, आणि कायमच्या संग्रहाला प्रवेश फुकट. डोंगरांत सायकलच्या पायवाटा काढल्या. २०१५ मध्ये फेएटविल ते बेंटनविल सगळ्या गावांना जोडणारा सुमारे साठ किलोमीटरचा सायकल आणि पायी मार्ग पुरा झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये, कोविडमुळे लोक घरून काम करू लागले तेव्हा, कौन्सिलनं जाहीर केलं की इथे राहायला या, १० हजार डॉलर आणि एक सायकल देतो. ज्या डोंगरांमुळे हा भाग आडवळणाचा म्हणून हिणवला जायचा, तेच डोंगर आता जाहिरातीत आले.

याची किंमतही मोजावी लागते आहे. घरांचे भाव आणि भाडी इतकी वाढली की शाळेतला शिक्षक आणि कारखान्यातला कामगार बाहेरच्या काउंट्यांत ढकलला जातो. कोंबड्यांची विष्ठा शेतात खत म्हणून टाकली, त्यातला फॉस्फरस इलिनॉय नदीत उतरला आणि नदी शेजारच्या ओक्लाहोमात शेवाळली. ओक्लाहोमानं २००५ मध्ये पोल्ट्री कंपन्यांवर खटला भरला. न्यायाधीशांचा निकाल यायला जानेवारी २०२३ उजाडलं. तो ओक्लाहोमाच्या बाजूनं लागला.

मग सगळीकडे असं का होत नाही?

अमेरिकेच्याच दक्षिणेत, मिसिसिपी राज्यात, स्टार्कविल आहे. तिथेही १८७८ पासून लँड ग्रँट विद्यापीठ. चांगलं, मोठं. गावाची लोकसंख्या २०२० मध्ये सुमारे २४ हजार. दोष ना विद्यापीठाचा ना गावाचा. तिथे कोणी कोंबड्या घेऊन शिकागोला निघालं नाही, कोणाचा भाडेकरार मोडून तो शेजारच्या गावात आला नाही. योगायोगाचा वाटा मोठा असतो, तो मान्य करायला हवा. वॉल्टन यांच्या जागामालकानं न्यूपोर्टला करार वाढवून दिला असता तर हा लेख कदाचित दुसऱ्याच गावावर झाला असता.

पण योगायोग झेलायला ओंजळ तयार लागते, आणि ती ओंजळ १८७१ च्या त्या रोख्यांनी तयार केली होती असं मला वाटतं. रोगांवर उपाय सांगणारे प्राध्यापक, दरवर्षी बाहेर पडणारे हिशोबनीस आणि अभियंते, बाहेरून आलेल्या माणसाच्या मुलांसाठी बरी शाळा, एखादं नाटक, एखादं वाचनालय, हे डोंगरातल्या गावात आधीपासून होतं म्हणून आलेली माणसं टिकली. आपल्या राहुरी-दापोलीसारख्या गावांबद्दल बोलताना आपण ‘इथे एखादा मोठा उद्योग आणा’ म्हणतो. मला त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते टायसनच्या ट्रकमधलं पाण्याचं भांडं: विद्यापीठातलं ज्ञान आणि शिवारातला माल यांना लांबच्या बाजारापर्यंत जिवंत नेणारी छोटी, स्थानिक युक्ती. तशा युक्त्या काढणारी मुलं राहुरीतही होती. मी त्यांना एसटीच्या टपावर गाद्या चढवताना पाहिलंय.

फेएटविलच्या विद्यापीठात एक जुनी पद्धत आहे. प्रत्येक पदवीधराचं नाव आवारातल्या पायवाटेच्या सिमेंटमध्ये कोरतात, वर्षावार. १८७६ च्या पहिल्या बॅचपासून आजपर्यंत, लाखाहून जास्त नावं, काही मैल लांब. गेल्या रविवारी भाच्यानं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तो तिथेच उभा होता, बेंटनविलहून मुलीला घेऊन आला होता. तिला नुकतंच वाचता यायला लागलंय. ती वाकून, बोट ठेवून, बाबाच्या आडनावातलं एकेक अक्षर वाचत होती. मी विचारलं, “तुझ्या बॅचचे आणखी कोण आहेत रे तिथे?” त्यानं फोन खाली धरला आणि चालत चालत दाखवायला लागला: “हा रॉजर्सला, ही टायसनमध्ये, हा गेला डेन्व्हरला, ही इथेच शिकवते, हा माझ्याच मजल्यावर बसतो...”